साहसी कोण?

बी. ए.च्या वर्गात ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ शिकवायला घेतले की माझा पहिला तास शीर्षकातच जातो. आपण या पुस्तकाला ज्या नावाने ओळखतो ते नाव अर्धेच आहे. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापल्या गेलेल्या या निबंधाचे पूर्ण नाव ‘स्त्रीपुरुषतुलना अथवा स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हें स्पष्ट करून दाखविण्याकरितां हा निबंध’ असे आहे. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे आणि लेखिकेचे गाव बुलढाणे.

हे लांबलचक नाव फळ्यावर लिहिले आणि ‘साहसी’ म्हणजे काय असे विचारले की नेरसारख्या तालुक्याच्या गावातल्या मुली क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतात : धाडसी, शूर. म्हणजे बाई आणि पुरुष यांत जास्त शूर कोण, याची ही तुलना. मुलींना हा अर्थ मनापासून आवडतो. काही वर्षे मीही हाच अर्थ सांगत होते, हे येथे कबूल केलेले बरे. पुस्तक मुळापासून वाचताना एके दिवशी लक्षात आले की, हा अर्थ लावला तर निबंधाची वाक्येच जुळत नाहीत. ज्याला ताराबाई ‘साहस’ म्हणतात त्याची त्या वाटणी करीत आहेत खरी, पण बक्षिसासारखी नाही, आरोपासारखी.

संस्कृतात ‘सहस्’ म्हणजे बळ. बळाच्या जोरावर, मागचापुढचा विचार न करता केलेले कृत्य ते साहस. धर्मशास्त्रात वादाचे जे अठरा विषय सांगितले आहेत त्यांत ‘साहस’ हा एक स्वतंत्र विषय आहे आणि त्याचा अर्थ जबरदस्ती, उघड हिंसा असा आहे. दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव मिळाले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात प्रथम साहस, मध्यम साहस आणि उत्तम साहस हे अनुक्रमे अडीचशे, पाचशे आणि हजार पणांचे दंड आहेत. ‘साहसिक’ म्हणजे दरोडेखोर. आज आपण ‘साहसी खेळ’ म्हणतो, मुलांच्या हाती ‘साहसकथा’ देतो. शब्दाची जात पार बदलली. ती इतकी बदलली की जुन्या अर्थासाठी आपल्याला ‘दुःसाहस’ असा नवा शब्द वापरात आणावा लागला. ताराबाईंच्या काळी तशी गरज नव्हती. भर्तृहरीच्या शृंगारशतकातल्या एका प्रसिद्ध श्लोकात स्त्रीवर दूषणांची जी माळ ओवली आहे तिच्यात साहसही आहे. ताराबाई ही दूषणांची यादीच हाती घेतात आणि एकेक कलम पुरुषांपुढे ठेवून विचारतात की, हे खरोखर कोणाला लागू पडते? तेव्हा ‘साहसी कोण’ याचा अर्थ : अविचारी, बेमुर्वत, पापाला न भिणारे कोण?

म्हणजे मुली चुकतात. आणि तरीही त्यांची चूक मला पूर्णपणे टाकून देता येत नाही. कारण साहसाचा आरोप परतवणारे हे पुस्तक स्वतः काय आहे, साहस की धैर्य, हा प्रश्न उरतोच. जाणत्याचे धैर्य आणि अजाणत्याचे साहस यांत फरक काय, जाणल्याने माणूस धीट होतो की भित्रा, हा मुळात फार जुना प्रश्न आहे.

प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात तो सर्वांत स्वच्छ रूपात मांडलेला आहे. मुलांना शस्त्रविद्या शिकवावी की नाही यावरून बोलणे निघते आणि अथेन्सचे दोन सेनापती, लाखेस व निकियस, धैर्य म्हणजे काय या सॉक्रेटिसच्या प्रश्नात अडकतात. लाखेस सरळ शिपाईगडी. त्याच्या मते जागा न सोडणे म्हणजे धैर्य. निकियस म्हणतो, कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये याचे ज्ञान म्हणजे धैर्य. म्हणून तो पशूंना, अजाण बालकांना धैर्यवान म्हणायला तयार नाही. ती फक्त निर्भय असतात, कारण त्यांना कळत नाही. संवाद निर्णयापर्यंत पोहोचत नाही. (इतिहासाने मात्र निकियसची क्रूर थट्टा केली. इ. स. पू. ४१३ मध्ये सिराक्यूसहून माघार घेण्याच्या ऐन वेळी चंद्रग्रहण लागले, भविष्यवेत्त्यांनी सत्तावीस दिवस थांबा असे सांगितले, आणि ज्ञानालाच धैर्य म्हणणारा हा सेनापती थांबला. सैन्य गेले, तोही गेला.)

निकियसचे म्हणणे आमच्या जिल्ह्यात कोणाला पुस्तकी वाटू नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल, आणि डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशीतून चालणारी माणसे. त्यांच्या निर्भयतेचे कौतुक करण्याची हिंमत कोणाला होईल? डब्यावरची बारीक अक्षरे आणि त्या पाठीवरचा पंप यांच्यामध्ये जी माहिती पोहोचायला हवी होती ती पोहोचली नव्हती. अज्ञानातून आलेली निर्भयता किती महाग पडते हे सांगायला आम्हाला ग्रीसला जावे लागत नाही.

परंतु निकियसच्या व्याख्येची दुसरी बाजू तेवढीच अडचणीची आहे. ज्ञान पुरेपूर असेल तर धैर्य आपोआप येते का? ‘स्त्री-पुरुष तुलना’ ज्या घटनेतून जन्मले ती घटना नेमकी याच ठिकाणी उभी आहे.

१८८१ साली सुरत येथील न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवा असताना तिला मूल झाले आणि लोकलज्जेच्या भयाने तिने ते मारले, हा आरोप. तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती काळ्या पाण्याची केली. वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ या सनातनी पत्राने हे निमित्त साधून एकूण स्त्रीजातीच्या, विशेषतः नव्या वाऱ्याच्या स्त्रियांच्या, बेताल वागण्यावर ताशेरे ओढले. ते वाचून बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्यांनी लेखणी उचलली.

विजयालक्ष्मीला काय ठाऊक नव्हते? कशाला भ्यायचे याचे ज्ञान तिच्याइतके कोणाला असणार? पोट दिसू लागले की काय होईल, मूल जगले तर त्याचे काय होईल, घराचे दार कोण बंद करील, गावाची पंगत कशी उठेल, हे सारे तिला जन्मापासून शिकवले गेले होते. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा होता. तो असूनही नसल्यासारखा होता, हेही तिला कळले असणार. तिचे ज्ञान संपूर्ण होते आणि त्या ज्ञानानेच तिला त्या कृत्यापर्यंत नेले. निकियसच्या व्याख्येतले पहिले अर्धे, कशाला भ्यावे ते, आपल्या समाजाने तिच्या हाती दिले होते. कशाला भिऊ नये हे दुसरे अर्धे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

ते सांगणारे कोणी नव्हतेच असे मात्र नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. विधवांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे तर न्यावे, ठेवायचे तर ठेवावे. त्यामागे फुल्यांनी जवळून पाहिलेली घटना होती : त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या हातून असाच प्रकार घडला होता आणि तिला अंदमानला पाठवण्यात आले होते. फुल्यांनी या घटनेवर केवळ हळहळ व्यक्त केली नाही, एक दार उघडले. पण पुण्याचे दार उघडले म्हणून सुरत जिल्ह्यातल्या बाईला वाट दिसते असे नाही.

आता ताराबाई. त्यांचे ज्ञान कोणते होते?

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. कागदोपत्री निजामाचा, अंमल कंपनीचा आणि नंतर राणीचा. बुलढाणे, तसेच आजचा यवतमाळ म्हणजे तेव्हाचा वणी जिल्हा, ही या कारभाराने घडवलेली नवी ठाणी. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. ‘हिंट टु द एज्युकेटेड नेटिव्ह्ज’ नावाचे एक पुस्तकही त्यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केले होते. ताराबाई शाळेत गेल्या नाहीत. वडिलांनी त्यांना घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्न झाले ते नवरा घरजावई म्हणून आणून. मूल झाले नाही. म्हणजे सासुरवास नाही, वाचायला वर्तमानपत्रे, वडिलांच्या ओळखीने येणारी पुस्तके, आणि वेळ. मराठा घराण्यातल्या स्त्रीच्या मानाने ही अपवादात्मक परिस्थिती होती. तरी पडदा होताच. आपण मराठा घराच्या चौकटीत कोंडलेली, लिहिण्याची सवय नसलेली बाई आहोत असे त्या प्रस्तावनेत सांगतात. हा नम्रतेचा उपचार म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुढे त्यांनी वापरलेली सगळी सामग्री याच चौकटीच्या आत मिळणारी आहे.

ती सामग्री पाहा. पुराणातल्या कथा, ज्या कोणत्याही घरात पोथीवाचनातून कानावर पडत. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या कादंबऱ्या. ‘मनोरमा’ नाटक. ‘स्त्रीचरित्र’ हे स्त्रियांच्या कपटाच्या गोष्टी रंगवून सांगणारे तेव्हाचे पुस्तक. आणि वर्तमानपत्र. यांत एकही दुर्मीळ ग्रंथ नाही. शास्त्रार्थ करणाऱ्या पंडिताकडे जे असते ते यात काही नाही. ताराबाईंना जे ठाऊक होते ते तेव्हाच्या कोणत्याही साक्षर पुरुषाला ठाऊक होते. फरक वाचण्यात आहे. सावित्रीने यमाकडून नवरा परत आणला, ही कथा शेकडो वर्षे पतिव्रतेच्या उपदेशासाठी सांगितली गेली. ताराबाई ती ऐकतात आणि विचारतात, बायकोसाठी यमाच्या वाटेला गेलेला एखादा नवरा कोणी दाखवील का? बायको मेली की दिवस होतात न होतात तोच दुसरीचा शोध घेणाऱ्याला कोणी साहसी म्हणत नाही. विधवेने मान वर केली की लगेच म्हणतात. कादंबरीतली कुलटा त्यांना पटत नाही, कारण घराघरांत प्रत्यक्षात काय चालते हे त्यांना ठाऊक आहे. बायकांना फसवून, घराबाहेर काढून, नंतर त्यांच्याच नावाने बोटे मोडणारे पुरुष ठाऊक आहेत. इंग्रजी शिकून आलेले, बाहेर सुधारणेवर भाषणे करणारे आणि घरी जुन्याहून जुने असणारे ठाऊक आहेत. हे ज्ञान ग्रंथातले नव्हे, ओसरीच्या आतले. आणि ते ग्रंथाच्या तोडीचे आहे, किंबहुना ग्रंथाला खोटे पाडू शकते, हा विश्वास धरणे हेच मला त्या पुस्तकातले पहिले धैर्य वाटते. वाद जिंकण्याइतके जाणून घेतल्यावर त्या बोलल्या नाहीत. आपल्याला जे माहीत आहे ते जाणणेच आहे, हे त्यांनी मानले आणि मग त्या बोलल्या.

भाषाही तशीच आहे. निबंध म्हणावे तर तो मुळीच शिस्तीचा नाही. पुरुषांना समोर बसवून, ‘अहो, तुम्ही’ करीत, म्हणी, टोमणे, शिव्याशाप यांसह ती बाई भांडते. मुद्दा सुटतो, परत येतो. विद्यापीठीय समीक्षेला या शैलीचे काय करावे हे अद्याप नीट समजलेले नाही; आम्ही ‘आवेशपूर्ण’ म्हणतो आणि पुढे जातो.

याच वर्षीचे दुसरे एक पुस्तक शेजारी ठेवले म्हणजे गुंता अधिक स्पष्ट होतो. १८८२ मध्येच पंडिता रमाबाईंचे ‘स्त्री-धर्मनीति’ प्रसिद्ध झाले. ज्ञानाच्या तराजूत दोघींची तुलना होण्यासारखी नाही. रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. आसेतुहिमाचल पायी प्रवास, दुष्काळात आई-वडिलांचे मरण, परजातीत विवाह आणि लवकरच वैधव्य, एवढे सारे पंचविशीच्या आत त्यांनी पाहिले होते. आणि तरी ‘स्त्री-धर्मनीति’ हे सावध पुस्तक आहे. ते स्त्रियांना सुधारण्याचा, शिकण्याचा, नीटनेटके राहण्याचा उपदेश करते. दोष कोणाचा या प्रश्नावर ते हात आखडता घेते. त्या वर्षी अधिक जाणणारी बाई जपून बोलली आणि कमी जाणणारी मोकळी सुटली.

यावरून ज्ञान माणसाला भित्रे करते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि चूकही. त्याच वर्षी रमाबाई हंटर आयोगापुढे साक्ष देण्यासाठी उभ्या राहिल्या आणि स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हव्यात हे त्यांनी तेथे ठामपणे सांगितले. पुढे पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत जे पुस्तक लिहिले त्यात सावधपणाचा मागमूस नाही. मला वाटते, १८८२ च्या रमाबाईंना आपल्या शब्दाचा परिणाम कुठपर्यंत जाईल हे दिसत होते. पुण्यात त्या आर्य महिला समाज चालवीत होत्या. पुस्तकाचा पैसा, लोकांचा आश्रय, पुढचे शिक्षण, सारे त्यावर अवलंबून होते. ताराबाईंना गमवायला संस्था नव्हती. त्यांच्याकडे नाव होते, तेवढे त्यांनी पणाला लावले.

नावाचे महत्त्व आज पटकन ध्यानात येत नाही. १८८५ मध्ये मुंबईच्या रखमाबाईंनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या टोपणनावाने. त्यात भित्रेपणा शोधणे अन्यायाचे होईल. त्यांच्यावर नवऱ्याने खटला भरला होता, आणि नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन असे म्हणायला ज्या पुढे कचरल्या नाहीत त्यांना नाव लपवण्याची कारणे चांगली ठाऊक होती. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे की, त्याच्या तीन वर्षे आधी एका आडगावच्या मराठा बाईने आपले नाव, आडनाव आणि गाव मुखपृष्ठावर छापले. बुलढाण्यात ताराबाई शिंदे किती असणार?

परिणाम व्हायचा तो झाला. पुस्तकावर टीका झाली, आणि दुःखाची गोष्ट अशी की ती सनातन्यांपुरती राहिली नाही. सत्यशोधक वर्तुळातूनही झाली. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात जोतीराव फुल्यांना ताराबाईंची बाजू घेऊन आपल्याच माणसांना सुनवावे लागले. (पहिला अंक पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराच्या निमित्ताने होता. म्हणजे ‘सत्सार’चे दोन्ही अंक एकेका बोलणाऱ्या बाईच्या पाठीशी उभे राहण्यात खर्ची पडले, ही गोष्ट आम्ही फुल्यांवरच्या व्याख्यानांत सहसा सांगत नाही.) फुल्यांनी ज्या आपुलकीने ताराबाईंचा उल्लेख केला आहे तो वाचताना जाणवते की त्यांना या पुस्तकाची किंमत पुरती कळली होती. पण पुण्यातून केलेली पाठराखण बुलढाण्यात किती उपयोगी पडते? ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे ताराबाईंचे एकमेव पुस्तक ठरले. त्या १९१० पर्यंत जगल्या. मधली अठ्ठावीस वर्षे छापील अक्षर नाही.

प्लेटोच्या संवादात या शांततेला जागा नाही, कारण तेथे धैर्य हा एकट्या माणसाचा गुण आहे. कशाला भ्यावे, कशाला भिऊ नये हे एकट्याने जाणायचे आणि एकट्याने उभे राहायचे. ताराबाईंचे ज्ञान १८८२ नंतर कमी झाले नसणार. उलट पुरुषांविषयी, मित्र म्हणवणाऱ्या पुरुषांविषयीही, त्यात भरच पडली असेल. कमी पडली ती सोबत. विजयालक्ष्मीजवळ सोबत मुळीच नव्हती, रमाबाईंनी ती पुढे देशोदेशी जाऊन मिळवली, ताराबाईंना एका ‘सत्सार’च्या अंकाएवढी मिळाली. ज्ञान आणि धैर्य यांच्यामध्ये ही तिसरी गोष्ट असते, आणि निकियस, लाखेस, सॉक्रेटिस यांना ती दिसू नये हे स्वाभाविक आहे. ते तिघेही नागरिक पुरुष होते; सोबत त्यांना जन्मतःच मिळालेली होती.

पुस्तक मग नाहीसे झाले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून ते जवळजवळ पुसले गेले होते. १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा संपादित करून प्रसिद्ध केले, म्हणून आज आम्ही ते शिकवू शकतो. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि बुलढाण्याच्या बाईचे नाव ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वाचनयाद्यांत गेले. पाचशे प्रतींचे पुस्तक त्र्याण्णव वर्षे कुठे कुठे पडून राहिले असेल, कोणत्या कपाटात, कोणाच्या हातून वाचले गेले असेल, याचा विचार मी कधीकधी ग्रंथालयात करते.

मात्र या नव्या जीवनात त्याच्या नावाची शेपटी गळून पडली. ग्रंथालयांच्या याद्या, अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, सर्वत्र ‘स्त्री-पुरुष तुलना’ एवढेच. ‘साहसी कोण’ हा प्रश्न सोयीसाठी वगळला गेला. मी वर्गात पूर्ण नाव लिहून घेते. उत्तरपत्रिकेत ते लिहिल्याबद्दल जास्त गुण मिळत नाहीत, असे मुलींना सुरुवातीलाच सांगते. तरी दरवर्षी चार-पाच जणी दोन ओळी खर्चून ते पूर्ण लिहितात. आणि त्यांतली एखादी पुढे अजूनही लिहितेच, ‘साहसी म्हणजे धाडसी’. मी ते खोडत नाही, बाजूला जुना अर्थ लिहिते.